दोन भाषांमधील दुभाषी

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ सालीं धुळ्यासच निवर्तले व पुढील वर्षीं त्यांच्या नांवें हें मंडळ स्थापन झालें. असा एखादा कागद बालबोधींत उतरविणें म्हणजे नुसतें अक्षरास अक्षर लावणें नव्हे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. ‘दिन’ कीं ‘दीन’, हें कागद सांगत नाहीं. तें वाचणारास संदर्भावरून ठरवावें लागतें. तेथें चूक झाली तरी ओळ वाचतां येतेच. फक्त अर्थ फिरतो. अशी चूक लवकर सांपडत नाहीं, हाच तिचा मोठा दोष होय.

हीच अडचण आज संगणकाचें काम करणाऱ्या तरुणांपुढें निराळ्या रूपानें उभी राहते. संगणकाच्या भाषा स्थूलमानानें दोन प्रकारच्या. सी, सी प्लस प्लस किंवा फोर्ट्रान या भाषांतील मजकूर कंपायलरकडून आधींच यंत्राच्या भाषेंत उतरवून घेतात. तो फार वेगानें चालतो. पायथॉनसारख्या स्क्रिप्ट-भाषा लिहावयास सुलभ, परंतु मोठ्या हिशेबास मंद. म्हणून जड काम कंपाइल केलेल्या लायब्ररीकडे, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाकडे, सोंपवावें आणि तिला हुकूम पायथॉनमधून द्यावा, अशी वहिवाट पडली आहे. या दोहोंमध्यें जो दुभाषी बसवावा लागतो, त्यास रॅपर म्हणतात. तो तयार करण्याचीं हत्यारें अनेक आहेत. त्यांतून कोणतें निवडावें, हा खरा प्रश्न आहे.

समजा, जळगांवच्या एखाद्या विद्यार्थ्याजवळ केळीच्या बागेस लागणाऱ्या पाण्याचा हिशेब करणारी सी भाषेंतील लायब्ररी आहे. झाडें किती व दिवस किती, हे दोन पूर्णांक दिले कीं ती लिटरांचा दशांशयुक्त आकडा परत देते. विद्यार्थी सीटाइप्स हें हत्यार उचलतो. तें २००६ सालापासून पायथॉनबरोबरच मिळतें, त्यास कंपायलर लागत नाहीं, आणि चार ओळींत काम भागतें. परंतु कंपाइल झालेल्या सी लायब्ररींत फंक्शनचें नांव तेवढें हातीं लागतें. तें काय घेतें व काय परत देतें, हें त्या नांवावरून कळत नाहीं. उत्तर दशांशयुक्त आहे असें विद्यार्थ्यानें आधीं बजावून ठेवलें नाहीं, तर सीटाइप्स तें पूर्णांकच आहे असें धरून चालतें. यंत्र थांबत नाहीं, तक्रार करीत नाहीं. एक निरर्थक आकडा निमूटपणें पुढें ठेवतें. तो आकडा अगदींच हास्यास्पद असला तर बरें. खरा वाटण्याजोगा असला, तर बाग सुकल्यावरच चूक उमगावयाची.

यावरून निवडीची पहिली कसोटी मिळते. फंक्शनांचें वर्णन लायब्ररीच्या कर्त्यानें हेडर नांवाच्या कागदांत मूळचेंच लिहिलेलें असतें. जें हत्यार तें वर्णन स्वतः वाचतें किंवा कंपायलरकडून ताडून घेतें, तें अधिक विश्वासाचें. डेव्हिड बीझली यांनीं १९९५ च्या सुमारास अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें सुरू केलेलें स्विग हेडर वाचून रॅपर आपणच लिहितें. एकाच वर्णनावरून पायथॉन, पर्ल, रुबी अशा अनेक भाषांची सोय होते. मात्र तें लिहितें तो मजकूर लांबलचक व वाचण्यास किचकट असतो. सी प्लस प्लस आणि पायथॉन या दोघांचाच संबंध असेल, तर वेन्झेल याकोब यांचें पायबाइंड-इलेव्हन सोयीचें. त्यांत प्रत्येक फंक्शनचे प्रकार कंपायलरच ओळखतो. फोर्ट्रानसाठीं एफ-टू-पाय आहे. फंक्शनें दोनचारच असतील, तर सीटाइप्सही वाईट नाहीं. पण प्रत्येक प्रकार स्पष्ट लिहून ठेवण्याची शिस्त पाहिजे.

दुसरी कसोटी येरझारांची. सीमा ओलांडण्यास दर खेपेस कांहीं वेळ लागतोच. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिनें सुमारें नव्वद टक्के आकाशाची १५० मेगाहर्ट्झवर पाहणी केली, आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ-उगमांची यादी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. हा हिशेब हुइब इंटेमा यांच्या स्पॅम नांवाच्या पायथॉन-प्रणालीनें झाला. तिच्या पोटांत एप्स ही १९७८ च्या सुमारास आरंभिलेली, मुख्यतः फोर्ट्रानमधील जुनी प्रणाली राबत होती. मध्यें दुभाषी होता पार्सलटंग. पायथॉननें एक संपूर्ण काम सांगावें आणि जुन्या प्रणालीनें तें तडीस न्यावें, अशी ती वांटणी. एकेका आकड्यासाठीं सीमेवर येरझारा घातल्या असत्या, तर वेगवान भाषेचा लाभ वाटेंतच जिरला असता.

तिसरी कसोटी मालकीची. लायब्ररीनें मेमरींत जागा मागून घेतली, तर काम संपल्यावर ती मोकळी कोणी करावयाची? दोघांनींही हात वर केले, तर जागा अडून राहते. दोघांनींही मोकळी केली, तर चालतें काम कोसळतें. याचा करार स्पष्ट लिहितां येईल असेंच हत्यार निवडावें.

वेग व सोय पहिल्या दिवशींच दिसतात. प्रामाणिकपणा मात्र दहा वर्षांनीं कळतो. लायब्ररीचा कर्ता तोंवर दुसरीकडे गेलेला असतो व तिचें हेडर बदललेलें असतें. त्या दिवशीं जो दुभाषी ‘येथें मेळ बसत नाहीं’ असें मोठ्यानें सांगतो, तोच ठेवण्यासारखा. मोडी वाचणारा जाणता मनुष्यही संशयाच्या जागीं मनचा शब्द घालीत नाहीं; तेथें खूण करून ठेवतो.