भटजीचा मंत्र, भगताचा मंत्र
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



विषय पोरांनीच दिला. गोष्टी-सिनेमांतल्या जादूच्या दुनियेत पुजारी आणि मांत्रिक एकमेकांकडे कसे बघतात, त्यावर बोला म्हणाले. नारायण धारपांच्या समर्थ-कथा मीही वाचल्यात, वाचनालयातून आणून, कंदिलाच्या उजेडात. तसल्या गोष्टींत एक मंत्र शुद्ध असतो, दुसरा अघोरी. शुद्धवाला आंघोळ करून येतो, अघोरी मसणातून येतो, आणि जिंकायचं कुणी ते आधीच ठरलेलं. मला लहानपणी एकच प्रश्न पडायचा. मसणाजवळ राहतो कोण? गावाबाहेर घरं कुणाची? आमचीच की. म्हणजे गोष्टीतला राक्षस आमच्याच आळीतून निघायचा.

गोष्टी राहू द्या. आपल्या जिल्ह्यात, त्याचं नाव कुलाबा होतं तेव्हा, हे सगळं उघड्यावर घडलंय. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, आपली माणसं जेवत असताना झोडपली गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. सवर्णांनी तळं शुद्ध करून घेतलं. १०८ घागरी पाणी उपसलं, मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या.

आता बोला, याला काय म्हणायचं? मडक्यात मूत घालायचं, तोंडानं पुटपुटायचं आणि पाण्याचा गुण बदलला म्हणून जाहीर करायचं. माझ्या चुलत्यानं केलं असतं तर ते चेटूक. भटानं केलं तर शुद्धीकरण!

हा फरक पोथीतच लिहून ठेवलाय. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जारणमारण करणाऱ्याला २०० पण दंड सांगितलाय. अकराव्यात अभिचाराची गणना पातकांतच केलीय. आणि त्याच अकराव्यात ब्राह्मणाला सांगितलंय की शत्रूवर अथर्ववेदाचे मंत्र खुशाल चालव, वाणी हेच तुझं शस्त्र. काम तेच, मंत्रही मारण्याचाच. एकाला दंड, दुसऱ्याच्या हातात परवाना. डिसेंबरात बाबासाहेब आगबोटीनं दासगावच्या बंदराला उतरले, पुन्हा महाडला आले आणि २५ तारखेला ही पोथी जाळली. आगीतून कृत्या-बित्या काही निघाली नाही. कागद जळाला, राख झाली.

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवाल. आता जरा अवघड बोलतो.

हल्ली आपल्यातले काही शिकलेले दोस्त लिहितात की भगत, देवऋषी ही आपली बंडखोर परंपरा, भटशाहीला दिलेलं उत्तर. माझा चुलता भगत होता. मुरूडच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात. म्हणून हे बंड मी घरात बघितलंय.

गावचा भटजी दिवसा देवळात सांगायचा, त्या गावकुसाबाहेरच्याच्या नादी लागू नका, तो करणी करतो. आणि नातवाला ताप उतरेना तेव्हा रात्री माणूस पाठवायचा. चुलता जायचा तो मागीलदारी, पोफळीच्या वाडीतून. पुढल्या दारानं कधीच नाही. कंदील धरायला मी सोबत असायचो. अंगारा केळीच्या पानावर ठेवायचा आणि मागं सरायचं. मग भटजीण यायची, काठीनं पान ओढून घ्यायची. पैसे वरून टाकायची. येताना चुलता छाती काढून चालायचा. "बघ, भटपण माझ्याकडं येतो." आणि स्वतःला काही नवं काम धरायचं असलं की हाच चुलता भटजीला लांबून मुहूर्त विचारायचा. मी एकदा म्हटलं, आबा, तुमचा मंत्र मोठा का त्याचा? तर म्हणाला, "त्याचा पोथीतला, माझा कानातला. दोन्ही खरं."

दोन्ही खरं! इथं गोम आहे, दोस्तांनो. ते एकमेकांना नीच म्हणतील, अघोरी म्हणतील, ढोंगी म्हणतील, पण तुझ्या मंत्रात काहीच नाही असं कधी म्हणणार नाहीत. भटजीला भगताच्या मुठीची भीती पाहिजे, म्हणजे शांतीची दक्षिणा मिळते. भगताला भटाचा ग्रह पाहिजे, म्हणजे कोंबडा आणि बाटली मिळते. एकाचा मंत्र पोकळ ठरला तर दुसऱ्याचा कुठं टिकतो? चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज पाद्री आला तोही ह्याच वळणाचा. गोव्याच्या इन्क्विझिशननं इथल्या वैदू-मांत्रिकांना धरलं ते लबाड म्हणून नव्हे, सैतानाचे चाकर म्हणून. म्हणजे मंत्र खराच, फक्त मालक वेगळा.

१९८५ च्या पावसाळ्याआधी माझ्या थोरल्या बहिणीला लाकडं काढताना विंचू चावला. तांबडा. चुलत्यानं लिंबाचा डहाळा घेऊन उतरवायला सुरुवात केली, दंडापासून बोटाकडे, मंत्र म्हणत. तासाभरानं ती म्हणाली, कळ कमी झाली. चुलता म्हणाला, उतरला. बहुतेक विंचवांची कळ काही तासांत आपसूकच ओसरते, भगताचं सगळं नाव त्यावर चालतं. पण तांबड्याचं विष आत हृदयावर जातं, आणि तेव्हा चावल्या जागी कळ कमीही असू शकते. ती घामानं न्हाली, ओकली, हातपाय गार पडले. आई म्हणाली, दवाखान्यात नेऊ. चुलता म्हणाला, "वेस ओलांडलीत तर मंत्र तुटंल." पहाटे तिला धाप लागली, तोंडाला फेस आला. ताई सतरा वर्षांची होती.

भटजी काय म्हणाला माहीत आहे? "जारणमारण करणाऱ्याच्या घरात हे व्हायचंच." तेव्हाही मंत्र खोटा म्हणाला नाही. उलटला म्हणाला.

आणि त्याच वर्षांत, महाडलाच, औषध होतं. १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हिंमतराव बावसकर नावाचे डॉक्टर आले. विंचवाचे रोगी त्यांनी रात्र-रात्र उशाशी बसून बघितले, रक्तदाब मोजला, लिहून ठेवलं, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी लागू पडते हे दाखवलं. गंभीर रोग्यांत शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे, ते मोजक्यांवर आले. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आमच्या गावापासून महाड काही परमुलखात नव्हतं.

जो दोन्ही मंत्रांना खोटं म्हणतो त्याच्यावर मात्र दोघांचा राग एक होतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला, डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं आता गुन्हा आहे. ही कमाई लहान नाही. पण तो कायदा वाचा. घरातली-देवळातली पूजाअर्चा वगळलीय, ठीक आहे. ज्योतिष आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही वगळलाय! मागीलदारचा सापडतो, पुढल्या दारचा सुटतो. तरी मी चुलत्याला सूट मागणार नाही. कायद्याच्या कचाट्यात भटजीही यावा एवढंच मागेन.

आणि घरचंही बोलू. १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा घेतल्या, माझ्या चुलत्याच्या बापानंही नंतर घेतल्या, तरी घरात भगतकी राहिली. आज विहारात परित्राण पाठ झाला की मनगटाला पांढरा दोरा बांधतात. इथं बसलेल्या किती जणांच्या हातात आहे? वर करा. बघा. तो आठवण म्हणून बांधला असेल तर माझं भांडण नाही. पोराला ताप आल्यावर बांधला असेल तर मला माझा चुलता दिसतो.

पुढल्या सोमवारी आपण तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांवर जायचं ठरवलंय. विचारायचं एवढंच, सर्पदंशाची लस आहे का, प्राझोसिन आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामाला असतो का, गाडीत डिझेल असतं का. उत्तर लेखी घ्यायचं. कोण येतंय त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव आणि गाव लिहा.