चेतकचं इंजिन उघडलं तेव्हा

पुण्यातल्या आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे सासऱ्यांच्या वेळची बजाज चेतक आहे. ही स्कूटर १९७२ साली आली. आकुर्डीच्या कारखान्यात बनायची, तरी पुणेकरांनाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ताई तिच्यावरून मार्केट यार्डातली भाजी आणतात. डाव्या हाताचे गिअर त्यांना नवऱ्यापेक्षा चांगले जमतात!

दिवाळीआधी गाडी भररस्त्यात जाम झाली. जुन्या चेतकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला साधारण २० मिली. हल्लीच्या गाड्यांना ते लागत नाही, म्हणून भाच्याने नुसतं पेट्रोल भरलं. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला.

भंगारवाला दारात येऊन भाव करून गेला. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं, तर आमच्यात दोन तट पडले. म्हाताऱ्या गाडीत पैसा कशाला, असं निम्म्या जणींचं म्हणणं. मग आम्ही तिघी गॅरेजवरच गेलो. मिस्त्रींनी सिलिंडरच्या आतले ओरखडे दाखवले. बोट फिरवलं की लागत होते. क्रँक मात्र शाबूत होता. मग कर्ज मंजूर केलं. सिलिंडर बोअर करून घेतला, नाना पेठेतून एक साइझ मोठा पिस्टन, रिंगा आणि ऑइल सील आणले. जुना पिस्टन आम्ही मागून घेतला. बैठकीत तो बिलांबरोबर सगळ्यांच्या हातातून फिरला.

पहिले पाचशे किलोमीटर गाडी दामटायची नाही, म्हणून ताई सध्या हळूच चालवतात. डिकीत ऑइलचं माप ठेवलंय. कर्जाचा दुसरा हप्ता जमा झाला. भाच्याला किल्ली अजून मिळालेली नाही.