पाहुण्याचा व्हिसा आणि आठवें कलम



इंग्लंडांत असलेल्या आमच्या कन्येस यंदा पहिला मुलगा झाला. बारशास जावें म्हणून मीं व आमच्या सौ.नीं पाहुण्यांच्या व्हिशासाठीं अर्ज केले. ते नामंजूर झाले. मुदत संपल्यावर आम्हीं परत येऊं अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाहीं, आणि माझ्या बँकखात्यांत एकाएकीं आलेल्या मोठ्या रकमेचा त्यास उलगडा होईना. रक्कम विम्याची होती. तिचा कागद मात्र मीं जोडला नव्हता. जन्मभर पोरांच्या वह्यांवर तांबडी शाई चालविणाऱ्या मास्तराची वही अशी परत यावी, हें मला फार लागलें.

अपील करावयाचेंच, असा पहिला आवेश. मग कायदा वाचला. ब्रिटनमधील आप्तांच्या भेटीस जाणारांना पूर्वी नकाराविरुद्ध पूर्ण अपिलाचा हक्क असे; तो २५ जून २०१३ पासून काढून घेण्यांत आला. आतां उरली आहे ती मानवी हक्कांची अरुंद वाट. १९५० सालच्या युरोपीय करारनाम्याचें आठवें कलम खासगी व कौटुंबिक जीवनाचा आदर राखण्याची हमी देतें, आणि ब्रिटनच्या १९९८ च्या कायद्यानें ती हमी तेथील न्यायालयांत लागू केली. नकारानें या हक्कास बाध येतो असें ज्याचें म्हणणें असेल, त्यानें निर्णय हातीं आल्यापासून २८ दिवसांत परदेशांतून अपील करावयाचें. मूळ अर्जांत हा मुद्दा काढलेलाच नसेल, तर अपिलाचा अधिकार आहे कीं नाहीं, येथूनच तंटा सुरू होतो.

खरी मेख पुढें आहे. अधिकारी चुकला, एवढें सिद्ध करून भागत नाहीं; आधीं आठवें कलम लागू पडतें हें दाखवावें लागतें. पत्नीस भेटूं इच्छिणाऱ्या एका पतीच्या प्रकरणांत वरिष्ठ न्यायाधिकरणानें २०१५ सालीं सांगितलें कीं, असें नातें सामान्यतः पतिपत्नींचें, किंवा आईबाप व अज्ञान मूल यांचें असावें लागतें. तें एकदां ठरलें म्हणजे मग व्हिशाचे नियम अर्जदारानें पाळले होते, या गोष्टीला चांगलेंच वजन येतें. पण तेंही निर्णायक नव्हे.

हें मीं घरांत वाचून दाखविलें. “मग आजी कोणांत धरायची?” सौ.नीं विचारलें. वाढलेली, संसारी लेक आणि तिचे आईबाप यांच्यांत विशेष अवलंबन नसेल, तर त्या कायद्याच्या दृष्टीनें आमची गणना बहुधा बाहेरच्यांत. मला हें पटत नाहीं. पण न पटल्यानें खटला जिंकतां येत नाहीं.

ज्यांची पत्नी वा लहान लेंकरूं तिकडे आहे त्यांनीं जाणत्या वकिलास विचारून जरूर लढावें. आम्हांस नवा अर्ज हाच मार्ग बरा दिसला. फी पुन्हा भरावी लागते, आणि आधींचा नकार लपवून चालत नाहीं. बारसें तर होऊन गेलें. उष्टावणास पोंचावें अशी इच्छा आहे. परवां अर्ज भरले. विम्याचें पत्र या खेपेस सर्वांच्या वर लावलें आहे.