पाण्याखालची पंधरा मिनिटं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

धान घरात आलं, मोहफुलं पडायला अजून अवकाश आहे. म्हणून आज थोडं निवांत बोलू.

आमच्या बचत गटांच्या बाया अभ्यास सहलीला सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाऊन आल्या, त्यात मीही होते. मालवणला आमच्यातल्या काहीजणी समुद्रात उतरल्या. पाठीवर हवेची टाकी बांधून, पाण्याच्या आत. याला स्कुबा म्हणतात. परत आल्यापासून बाजारात, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीवर सगळ्याजणी तेच तीन प्रश्न विचारतात. श्वास कसा घेतला? भीती नाही वाटली का? आणि तिसरा, जरा हळू आवाजात, हे कशासाठी केलं गं बाई? आज तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते.

आधी जागा सांगते. नागपूरहून रेल्वेने कुडाळला उतरलो, तिथून मालवण. किनाऱ्यावरून समोरच सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. या भागातल्या समुद्राला १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. आपल्याकडे जसं ताडोबा, तसंच तिथे पाण्यातलं अभयारण्य. फरक एवढाच की वाघ पाहायला जिप्सीत बसावं लागतं आणि तिथले मासे पाहायला आपल्यालाच त्यांच्या घरात जावं लागतं.

आमच्यातल्या एका मावशीने तिथे विचारलं, "आपल्या वैनगंगेचं पाणी इथंच येते का?" नाही येत. आपली वैनगंगा वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. मालवणचा समुद्र पश्चिमेचा, अरबी समुद्र. म्हणजे आपलं पाणीसुद्धा जिथे जात नाही, तिथे आम्ही जाऊन आलो.

बोटीत बसायच्या आधी प्रशिक्षकाने एक कागद भरून घेतला. दम्याचा त्रास आहे का, हृदयाचा आजार आहे का, फिट येते का, कान फुटला आहे का, दिवस गेलेले आहेत का. आमच्यासोबतच्या ताईने एक प्रश्न स्वतःहून विचारला, "सिकलसेल असेल तर चालते का?" हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा प्रश्न आहे, म्हणून नीट ऐका. सिकलसेलच्या रुग्णाने असं पाण्याखाली जाऊ नये. थंडी, दमणूक, अंगातलं पाणी कमी होणं, प्राणवायू कमी पडणं, या सगळ्यांनी रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंग दुखायला लागतं. जी फक्त वाहक आहे, तिनेही आधी डॉक्टरांना विचारावं. आमच्यातली एक बहीण सिकलसेलची रुग्ण आहे. ती बोटीतच बसली. आम्हा सगळ्यांची मंगळसूत्रं, बांगड्या, घड्याळं तिच्या ओटीत. ती हसून म्हणाली, "आज सगळ्यात श्रीमंत मीच." तिने आपला आजार लपवला नाही, हे मला पाण्यात उतरण्याइतकंच धाडसाचं वाटलं.

आता श्वासाचं सांगते. पुष्कळांना वाटतं की टाकीत ऑक्सिजन असतो. तसं नाही. दवाखान्यातलं सिलिंडर वेगळं. या टाकीत आपण आत्ता घेतो तीच साधी हवा असते, फक्त दाबून भरलेली. दहा-बारा लिटरच्या टाकीत दोन हजार लिटरहून जास्त हवा बसते. टाकीतून एक नळी येते, तिचं टोक दातांत धरायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. आपण श्वास ओढला की हवा येते, थांबलो की थांबते. हे यंत्र १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तयार केलं. नाक चष्म्याच्या आत बंद असतं. नियम एकच, आणि तो आम्हाला दहा वेळा सांगितला: श्वास कधीही रोखायचा नाही. पाण्याखाली दाबलेली हवा आपण घेतो. वर येताना ती फुगते. श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा शिकवल्या. अंगठा आणि त्याशेजारचं बोट जोडून गोल केला की "मी ठीक आहे". आपण अंगठा वर करून "छान" म्हणतो, पण पाण्यात अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". एका काकूला समुद्र इतका आवडला की तिने आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने तिला लगेच वर आणलं! मग तिला पुन्हा खाली नेलं.

कपड्यांवरूनही चर्चा झाली. लुगडं नेसून उतरता येत नाही, पाय अडकतात. अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालावा लागतो. दोघीतिघी लाजल्या. एक म्हातारी आजी म्हणाली, "रोवण्याच्या वेळी चिखलात लुगडं खोचून उभी राहते तेव्हा कोण लाजते? हेही कामाचेच कपडे समज." तिथे तो विषय संपला.

मी बोटीच्या शिडीवरून उतरले. पाणी गळ्यापर्यंत आलं, मग चेहरा पाण्यात घातला. भीती वाटली का? वाटली. छाती धडधडत होती. डोकं म्हणत होतं, पाण्यात श्वास घेऊ नको, मरशील. लहानपणापासून हेच शिकलो ना आपण. पहिला श्वास घेताना मी डोळे मिटले. हवा आली. दुसरा घेतला, तोही आला. प्रशिक्षक दादा वरून म्हणाला, "घाबरू नको गो बाय," आणि त्याने माझा हात धरला.

खाली जाताना कान दुखायला लागले. पाण्याचं वजन असतं. दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट खोल गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. आम्ही वीस फुटांच्या आतच होतो, तरी कानाला कळतं. शिकवल्याप्रमाणे नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकली, कान उघडले.

आणि मग दिसलं. हिरवट उजेड. खडकावर प्रवाळ. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हाताच्या अगदी जवळून जात होते, जसं अंगणात कोंबड्या फिराव्यात. पाण्यात वस्तू आहे त्याहून मोठी आणि जवळ दिसते, म्हणून धरायला जावं तर हात रिकामाच. आवाज फक्त स्वतःच्या श्वासाचा आणि बुडबुड्यांचा. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते वेगळंच. माझा उजवा गुडघा. दरवर्षी रोवणे करून, तेंदूपत्त्याचे गठ्ठे वाहून तो कायम दुखतो. पाण्यात अंगाचं ओझंच राहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो गुडघा दुखत नव्हता. ओझं नसलेलं अंग कसं असतं, ते मला त्या पंधरा मिनिटांत कळलं.

आता तिसरा प्रश्न, कशासाठी. घरी परतल्यावर एक जण म्हणाला, "बायकांनी पैसे पाण्यात घातले." खर्च माझ्या स्वतःच्या बचतीतून केला होता, मोहफुलाच्या पैशातून. बाईने स्वतःच्या कमाईतला थोडा पैसा स्वतःच्या आनंदावर खर्च केला तर त्याचा हिशेब साऱ्या गावाला द्यावा लागत नाही. हे एक उत्तर.

दुसरं उत्तर असं, की पाणी म्हणजे पुरुषांचंच काम असं नाही. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया खाडीत होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, आणि त्यावर कमावतात. दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बाया, पुष्कळशा साठी-सत्तरीच्या, टाकी न बांधता नुसता श्वास रोखून समुद्रतळाचे शिंपले काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. कधी काढायचं आणि कधी नाही, हे त्या मिळून ठरवतात, जसं आपल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा जंगलाचं ठरवते.

तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. मालवणला पंधरा मिनिटांच्या हौशेसाठी त्यांनी आम्हाला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू दिला नाही. पट्टे ओढून तपासले, माणसं मोजली. आणि आपण? जानेवारी २०२४ आठवा. चामोर्शी तालुक्यातल्या बाया मिरची तोडायला नावेने वैनगंगा ओलांडत होत्या. नाव उलटली, बाया बुडाल्या. त्या हौशेला निघाल्या नव्हत्या, मजुरीला निघाल्या होत्या. हौशेला जॅकेट मिळते आणि मजुरीला मिळत नाही, हे मला बोटीत बसल्या बसल्या टोचत राहिलं.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढं बोला. आपल्या गावातून कोण कोण नाव किंवा डोंग्याने नदी, तलाव ओलांडते? त्यांच्यासाठी जॅकेटची मागणी ग्रामसभेत लेखी द्या, ठरावात नोंदवून घ्या. तोवर नावेत जास्त माणसं बसू देऊ नका, मध्येच उभं राहू नका. घाटावर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन लांब दोरीला बांधून ठेवा. कुणी बुडत असेल तर उडी मारू नका, कॅन फेका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करा. हे कसं करायचं ते आरोग्य केंद्रात आधीच शिकून घ्या. आणि मुलांसोबत मुलींनाही पोहायला शिकवा. ढिवरांच्या घरातली जाणती माणसं आपल्याच गावात आहेत, त्यांना गुरू करा.

आमच्या गटाने ठरवलं आहे. पुढच्या सहलीच्या पैशातून आधी दहा जॅकेट घेणार, उरलेल्या पैशात सहल. ज्या बाया मिरचीला जातात, त्या सकाळी गटाच्या घरून जॅकेट नेतील आणि संध्याकाळी आणून देतील. वहीत सही होईल, जशी कर्जाची होते.

तुमच्या गावाने काय ठरवलं, ते आम्हाला नक्की कळवा.