वेदनेवरचं औषध आणि त्याची भीती



अंबड, मंठा, भोकरदनकडून तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. आजार पुढे गेलेला असला, दुखणं साध्या गोळ्यांना दाद देत नसलं, की डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. घरी आल्यावर कुणीतरी म्हणतं, "अफूची गोळी आहे, सवय लागेल." मग गोळी डब्यातच राहते आणि माणूस रात्रभर कण्हत असतो. ही वेदना टाळता येण्यासारखी असते, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं.

मॉर्फिन अफूपासूनच बनतं, हे खरं. शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्यावर अफू पिकते. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासं झालं. २०१४ साली संसदेने कायदा बदलला, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट मोकळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही मॉर्फिन आहे. कॅन्सरच्या वेदनेसाठी, देखरेखीखाली घेतलेल्या गोळीने व्यसन लागणं विरळाच. मात्रा वाढवावी लागली तर बहुधा आजार वाढलेला असतो.

गोळी ठरलेल्या वेळेला द्यावी. दुखणं उसळण्याची वाट पाहू नये. बद्धकोष्ठ हमखास होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सुरुवातीला मळमळ, गुंगी येते, ती सहसा काही दिवसांत ओसरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. औषध एकाएकी बंद करू नका. आणि ते कुलपात ठेवा, लेकरांच्या हाती लागता कामा नये.

खरी काळजी वाटते ती ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीची. कंबर धरली, गुडघे दुखले, की शेजाऱ्याकडची उरलेली गोळी घ्यायची, हे सर्रास चालतं. हे औषधही मॉर्फिनच्याच जातीचं. त्याने सवय लागते, काहींना झटके येतात. म्हणूनच २०१८ साली तेही अमली पदार्थ कायद्याखाली आणलं गेलं. अमेरिकेत याच जातीच्या ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्या साध्या पाठदुखीलाही वाटल्या गेल्या आणि गावंच्या गावं व्यसनात बुडाली.

दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर यातलं कोणतंही औषध घेणं जिवावर बेतू शकतं. श्वास मंदावला, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, तर १०८ला फोन करा आणि कोणती गोळी घेतली ते सांगा. नॅलोक्सोन नावाचं उताऱ्याचं इंजेक्शन आहे. ते वेळेत मिळालं तर माणूस वाचतो.

घरात कॅन्सरचा रुग्ण वेदनेने तळमळत असेल, तर पुढच्या तपासणीला मॉर्फिनबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते मागण्यात कमीपणा नाही.