थोरल्या भावाची कादंबरी
(तेल्हारा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'मराठी ख्रिस्ती कथासाहित्य : कुटुंब, श्रद्धा आणि क्षमा'. विषय मोठा आहे. त्यातलं माझं एकच म्हणणं आहे आणि ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम झालेलं असेल. (हशा) मराठी ख्रिस्ती लेखणीने घर सोडून गेलेल्या माणसाची गोष्ट दीडशे वर्षं सांगितली. मागे राहिलेल्याची सांगितली नाही. आणि क्षमा करायची पाळी येते ती मागे राहिलेल्यावर.

फादर स्टीफन्स, १६१६ चं 'ख्रिस्तपुराण', १८४२ पासूनचं 'ज्ञानोदय' नियतकालिक, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. थेट १८४१ वर येतो. त्या वर्षी हरि केशवजींनी जॉन बन्यनचं पुस्तक 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलं. त्याची सुरुवात आठवा. एका माणसाला आपल्या नगरीचा नाश दिसतो आणि तो तारणाच्या वाटेने धावत सुटतो. बायकामुलं मागून हाका मारताहेत आणि हा कानांत बोटं घालून पळतोय. मराठी वाचकाला ख्रिस्ती कथा भेटली ती अशी, कानांत बोटं घातलेली. बन्यनलाही ते खुपलं असावं. मूळ पुस्तक १६७८ चं, आणि १६८४ मध्ये त्याने दुसरा भाग लिहून बायकोला आणि मुलांना त्याच वाटेवर आणलं. पण दोन्ही भागांत माणूस निघूनच जातो. शेजारी राहिले त्यांचं काय झालं, ते फारसं नाही.

मग १८५७. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. बाबा स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले, म्हणजे घर तुटल्याला तीनच वर्षं झालेली. यमुना विधवा होते, नवा धर्म स्वीकारते, पुन्हा संसार मांडते. विधवांचे हाल त्या काळी इतक्या धिटाईने लिहिणं ही मोठी गोष्ट होती, तिच्यापुढे मी मान लववतो. पण यमुना गेल्यावर तिच्या मागच्या घरात काय झालं, तिचं नाव निघालं की कोण उठून आत गेलं, हे कळायला वाट नाही.

(मागच्या रांगेतून प्रश्न)

ऐकलं मी. 'हा धर्मप्रचार आहे का?' असं ते दादा विचारताहेत. विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवण्यापेक्षा बरं. नाही दादा. माझं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे, ते मी लपवत नाही. पण इथे कोणाला माझ्या देवळात न्यायला मी आलो नाही. उलट तुमच्या घरात जी गोष्ट आहे ती माझ्या लोकांनी लिहिली नाही, ही तक्रार घेऊन आलोय. (टाळ्या)

आता लूकच्या शुभवर्तमानातली ती दोन मुलांची गोष्ट. सगळ्यांना माहीत आहे, तरी चार वाक्यांत सांगतो. धाकटा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो. बाप मालमत्ता दोघांत वाटून देतो. धाकटा परमुलखात सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरांच्या शेंगांवर भूक भागवायची वेळ येते, तेव्हा तो परततो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. झगा, अंगठी, जोडे, पोसलेलं वासरू, मेजवानी.

ही गोष्ट मी एकदा हिवरखेडकडच्या एका शेतात सांगितली होती. स्नेह्यांचं शेत, कापसाची वेचणी चालू. संध्याकाळी बाया ओट्या सोडून धुऱ्यावर बसल्या होत्या, कापूस तोलायचा काटा लागायचा होता. मी काय काम करतो, असं कोणीतरी विचारलं, मी म्हटलं गोष्टींवर लिहितो, तर म्हणाल्या एखादी सांगा. मी हीच सांगितली, आणि मेजवानीपाशी थांबलो. बहुतेक जण तिथेच थांबतात.

एक बाई, पन्नाशीची असेल, गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "सर, वाटनी झाली होती ना? लहान्यानं आपला हिस्सा फुकला. मंग जे वासरू कापलं, थे कोनाच्या वाट्यातलं? थोरल्याच्याच ना! त्याले कोनं इचारलं काय?" (हशा)

हसताय, पण थांबा. भाष्यकारांनी या गोष्टीवर ग्रंथ लिहिलेत, आणि या बाईने हिशोब एका वाक्यात मांडला. वाटणी झाली म्हणजे उरलेलं थोरल्याचं. बाप पुढे तसं म्हणतोसुद्धा, की माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे तो झगा थोरल्याचा, वासरू थोरल्याचं. बापाने क्षमा केली, तिची किंमत थोरल्याच्या हिश्श्यातून गेली. आणि त्या वेळी थोरला कुठे होता? शेतात. घराकडे येताना त्याला गाण्याबजावण्याचा आवाज आला, आणि काय चाललंय ते त्याने चाकराला विचारलं. त्याला बोलवायलाही कोणी गेलं नव्हतं.

मी त्या बाईला विचारलं, तुम्हाला हे एवढं कसं सुचलं? तिने सांगितलं. तिचा दीर बारा-तेरा वर्षं बाहेर होता. जाताना आपल्या वाट्याचं विकून गेला. परत आला तो दुखणं घेऊन. सासऱ्याने त्याला ओसरीची खोली दिली. नवरा बोलेना. सासू नुसती रडे. मी विचारलं, मग तुम्ही त्याला माफ केलं का? ती म्हणाली, "थे मले नाई माहीत. भाकर मीच टाकली. दोन वर्सं टाकली." तेवढ्यात काटा आला आणि ती आपलं गाठोडं उचलून उठली.

वऱ्हाडात असं घर नाही, असं गाव दाखवा मला. शेताचा धुरा कोरला म्हणून दोन भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, आणि बाप गेला की दोघं एकाच तिरडीला खांदा देतात. हे लिहायला धर्म बदलावा लागत नाही. पण ख्रिस्ती लेखकाला तर लिहायलाच हवं होतं, कारण त्याच्या ग्रंथात ते अर्धवट ठेवलेलं आहे. थोरला रागावून बाहेर उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट संपते. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. त्यापुढचं पान कादंबरीकाराचं होतं.

(चिठ्ठी येते)

पंधरा मिनिटं म्हणताहेत. मग लक्ष्मीबाई टिळकांवर येतो, कारण त्यांच्याशिवाय माझं म्हणणं उभं राहत नाही.

'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आठवणी आहेत. पण या विषयावर त्यासारखं मराठीत दुसरं नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती नारायण वामन टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू मागे. त्यांना आधार देतात बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे. लक्ष्मीबाई पंढरपुरात राहतात, हे लक्षात घ्या, पंढरपुरात. जवळजवळ पाच वर्षांनी त्या टिळकांकडे जातात, पण जातात त्या आपला धर्म घेऊन. चूल वेगळी ठेवतात. एका छपराखाली कवी ख्रिस्ताची गाणी लिहितोय आणि पलीकडे त्याच्या बायकोचं सोवळं सांभाळलं जातंय, आणि टिळक तिला सक्ती करत नाहीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. क्षमेचं दृश्य म्हणाल तर त्या पुस्तकातल्या या दोन चुलींइतकं खरं दृश्य मला कुठे सापडलेलं नाही. तिथे कोणी कोणाच्या पाया पडत नाही. दोघं भांडतात, हसतात आणि स्वयंपाक करतात.

पण आता माझा प्रश्न. भिकूताईचं काय? जिने मेहुण्याच्या जातीबाहेर जाण्याचा बोभाटा झेलला, बहिणीला आणि भाच्याला सांभाळलं, आणि ज्या दिवशी बहीण निघून गेली त्या दिवशी मागे राहिली, तिची बाजू? लक्ष्मीबाईंनी तिच्यावर प्रेमाने लिहिलं, पण पुस्तक लक्ष्मीबाईंचं आहे. भिकूताईची कादंबरी व्हायला हवी होती. पुस्तक येऊन नव्वदएक वर्षं झाली, कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडचं एक सांगतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या भागातली अनाथ पोरं मिशनांनी उचलली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली नेल्या, केडगावला वाढवल्या. त्यांच्यातल्या कित्येकांना परत जायला घरच उरलं नव्हतं. थोरला भाऊही दुष्काळात गेलेला. तिथे क्षमा कोणी कोणाला करायची? त्या कादंबरीचं कुटुंब निराळं होईल, ती लिहिणाऱ्याला मिशनची दप्तरं आणि गावची कोतवाल बुकं दोन्ही चाळावी लागतील.

आणि कायद्यातही अशी कथानकं पडून आहेत. घाईत सांगतो. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ च्या कायद्याने, जोडीदार नांदेना तर बाटलेल्याला कोर्टातून फारकत मिळू लागली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की धर्म बदलल्यानंतर झालेली मुलं हिंदू नातेवाइकाची वारस होत नाहीत. वारसा उघडतो त्या वेळी ती हिंदू असतील तरच होतात. म्हणजे काका मेला, त्याच्या मागे जवळचं दुसरं कोणी वारस नाही, आणि पुतण्या ख्रिस्ती जन्मलेला. त्या पुतण्याचा बांधावरचा हिंदू चुलतभाऊ कायद्याने सगळ्या शेताचा धनी. तो म्हणाला, कायदा राहू दे, अर्धं तुझं, तर? आणि त्याची बायको म्हणाली, कसं काय अर्धं, तर? हे कथानक तेल्हारा तालुक्यातलं असू शकतं, अकोटच्या कोर्टातलं असू शकतं. याला फादर लागत नाही, चमत्कार लागत नाही. तलाठी लागतो. (हशा, टाळ्या)

अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत, थांबतो. इथे कॉलेजची मुलं बरीच दिसताहेत. तुमच्यातल्या कोणी थोरल्याच्या बाजूने चार पानं जरी लिहिली, हिंदू असो, ख्रिस्ती असो, बौद्ध असो, तरी मला पाठवा. पत्ता संयोजकांकडे ठेवलाय. वऱ्हाडीत लिहिलीत तर आधी वाचीन. आता त्या मागच्या दादांचा हात पुन्हा वर आहे, अध्यक्षांची परवानगी असेल तर पहिला प्रश्न त्यांचाच घेऊ.