स्वस्तातली नक्कल

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही कधी नागपूरच्या बाजारात फिरला आहात का? नसाल तर एकदा अवश्य फिरा. रस्त्याच्या कडेला लाकडी बैलांच्या रांगा लागलेल्या असतात. तळहातावर मावेल एवढ्या बैलापासून तो पोराच्या खांद्याला लागेल एवढ्या नंदीपर्यंत सगळे तेथे हजर. पायांना चाके, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना बेगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी मुले हे बैल ओढीत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. हा बैल ना नांगर ओढतो, ना कडबा खातो. तरी त्याला ओवाळायला बायका आरती घेऊन दारात येतात. बैल खोटा म्हणून कुणी पोराला बोजारा नाकारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

हे आठवायचे कारण असे की, गेल्या पोळ्याच्या सुमारास मीही एक नक्कल विकत घ्यायला निघालो होतो. ती बैलाची नव्हे, एका यंत्राची. आणि गंमत म्हणजे ते यंत्रही खरे नव्हते!

सांगतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन मालिका दाखवीत. आमच्या रामदासपेठेत तेव्हा बैठे बंगले होते, कुंपणाला मेंदी होती, आणि आमच्या गल्लीत टीव्ही असलेली घरे दोन-तीनच. रविवारी शेजारच्या काकांच्या दिवाणखान्यात आम्ही पोरे मांडी घालून बसत असू. इंग्रजी कोणाला कळत होते म्हणता? पण एक गोष्ट न सांगता कळे. परक्या ग्रहावर उतरलेला कॅप्टन कर्क कमरेची काळी डबी काढी, मनगटाला एक झटका देई, डबीचे सोनेरी जाळीचे झाकण टक्कन उघडे, आणि वर आकाशात असलेल्या आपल्या जहाजाशी तो बोलू लागे. त्या डबीचे नाव कम्युनिकेटर.

माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने आठ दिवसांत दोन कम्युनिकेटर तयार केले. प्रवासात नेतात ती साबणाची डबी, आणि झाकणाच्या जागी चहाच्या गाळणीची जाळी. दोन डब्या म्हणजे दोन गाळण्या. आईला त्याचा पत्ता संध्याकाळच्या चहाला लागला. तिने काय केले ते सांगत नाही. पण डब्या शाबूत राहिल्या. दादा गच्चीवर जाई, मी अंगणात कडुनिंबाखाली. वरून हाक येई, “अंगण, अंगण, गच्ची बोलतेय. ऐकू येतंय का?” आता गच्चीवरून ओरडलेले अंगणात ऐकू येणारच! पण आम्ही ते डबीतूनच ऐकत होतो.

त्या दादाशी मी चार वर्षे बोललो नव्हतो. तो वरच्या मजल्यावर, मी खालच्या. वडिलांनी बांधलेले घर बिल्डरला देऊन तेथे फ्लॅट पाडावेत की नाही, यावरून वाजले. रामदासपेठेत हा प्रश्न पुष्कळ घरांना पडला आहे. बंगले गेले, त्या जागी उंच इमारती आणि इस्पितळे उभी राहिली. आमच्या वादात चूक कोणाची, ते ठरवायची ही जागा नव्हे. माझी पुष्कळ होती, एवढे म्हणतो. पाण्याचे बिल आले की मी ते जिन्यावर ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वाट्याचे पैसे त्याच पायरीवर सापडत.

मात्र दादाच्या नातवाला या वाटणीची खबर नव्हती. सहा वर्षांचा तो पोर वर जेवे आणि खाली खेळे. त्याला मी साबणाच्या डबीची गोष्ट सांगितली आणि फसलो. “मला पण पाहिजे,” त्याने हट्ट धरला. नातवाचे नाव मी पुढे करतो आहे खरा, पण हवे मलाही होते.

शोध सुरू केला तेव्हा बरेच शिकलो. ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि तीन वर्षांत, ७९ भागांनंतर, बंद पडली. तिच्यासाठी कम्युनिकेटर घडवला तो वाह चँग नावाच्या कारागिराने. काळे प्लॅस्टिकचे कवच, पितळी जाळी. आणि आत काय? जवळून चित्र घ्यायचे तेव्हा वापरायच्या डब्यांत एक नक्षीची चकती फिरताना दिसे. ती फिरवायला आत चक्क स्टॉपवॉचचे यंत्र बसवले होते. एवढेच! त्यातून एक शब्द इकडचा तिकडे जात नव्हता. दादाच्या साबणाच्या डबीत आणि त्या ‘अस्सल’ डबीत फरक तो एका घड्याळाचा.

लाकडी बैलाची गोष्ट सरळ आहे. आधी बैल, मग त्याची नक्कल. येथे उलटे झाले. नक्कल आधी जन्मली, अस्सल मागून आले. हातात धरून बोलायच्या मोबाईल फोनवरून पहिले जाहीर संभाषण मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये केले, ते ३ एप्रिल १९७३ ला. झटक्यात उघडणारा, मिटून खिशात जाणारा मोटोरोलाचा ‘स्टारटॅक’ आला १९९६ साली.

आता भावाचे पाहू. इंग्लंडमधल्या द वाँड कंपनीने जुन्या डबीचे बारकाईने मोजमाप घेऊन २०१६ साली एक कम्युनिकेटर काढला. तो ब्लूटूथने आपल्या मोबाईलला जोडला की त्यातून खरेच बोलता येते. किंमत दीडशे डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने दहा हजार रुपयांच्या घरात. आणि परदेशातून मागवायचे म्हटले की आयातशुल्काचा विचार करावा लागतो. खेळण्यांवरचे हे शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. सहा वर्षांच्या पोराच्या हातात ती वस्तू द्यायची आणि आपण मागे मागे हात पुढे करून फिरायचे, हे काही खेळणे नव्हे.

यापेक्षा मला पूर्वीच्या खेळणेवाल्यांची कथा आवडली. रेम्को नावाच्या अमेरिकन कंपनीने साठच्या दशकात आपल्या जवळच्या तयार खेळण्यांवरच मालिकेचे नाव छापून ती विकली. ही झाली निव्वळ हातचलाखी. पुढे सत्तरच्या दशकात मेगो कंपनीने कम्युनिकेटरची जोडी काढली. डबी काळी हवी तर यांची निळी, आकारही बराच मोठा. पण ती खरी वॉकी-टॉकी होती! या खोलीतला मुलगा त्या खोलीतल्या मुलाशी तीतून बोलू शके. दिसायला चुकीची, पण कामाला खरी. शिवाय ती मिळे जोडीने. हे माझ्या मनात राहिले.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे वॉकी-टॉकीच का घेतली नाही? घेता येते, पण पाहून घ्यावी लागते. आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. मात्र संचाला सरकारी मान्यता असावी लागते. ही माहिती न देता असे संच विकल्याबद्दल २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या. तेव्हा डब्यावर लहरींचा आकडा आणि मान्यतेचा उल्लेख नसेल, तर स्वस्त आहे म्हणून उचलू नका.

अखेर मी बर्डीवर गेलो. पोळ्याची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. एका खेळण्यांच्या दुकानात झाकणाचा खोटा फोन दिसला. काळा, मिटणारा, उघडला की हिरवा दिवा आणि टिर्रटिर्र आवाज. एकशे ऐंशी रुपये. मी उघडझाप करीत बसलो. दुकानदार म्हणाला, “काय पाहून राहिले जी काका एवढं? खेळणं आहे ते, फोन नाही लागत त्याच्यानं.” म्हटले, “ठाऊक आहे. म्हणूनच घेतोय.”

तुम्हालाही असे काही घ्यायचे असेल, तर मी काय पाहिले ते ऐकून ठेवा. पहिले, आयएसआय चिन्ह. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. दुसरे, सेलचे झाकण स्क्रूने बंद होते की नाही. बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. म्हणून शक्य तो पेन्सिल सेलचे खेळणे घ्यावे आणि स्क्रू घट्ट पिळावा. तिसरे, बिजागरी. कम्युनिकेटरचा सगळा जीव बिजागरीत असतो. दुकानातच वीस वेळा उघडून पाहावी. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. रंग, आकार, नाव यांची फिकीर करू नये. त्याचा बंदोबस्त घरी करता येतो.

मी तो असा केला. लाकडी बैलाच्या शिंगांसाठी आणलेल्या सोनेरी बेगडीचा तुकडा उरला होता. तो झाकणावर चिकटवला. कर्कच्या कमरेला शोभेल अशी वस्तू तयार झाली. निदान दहा पावलांवरून.

मी दोन घेतल्या होत्या. दोन का, ते तेव्हा माझे मलाही नीट सांगता आले नसते. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी बोजाऱ्याच्या नाण्यांनी खिसा भरून नातू आला. एक डबी त्याने मला दिली, एक घेऊन वर पळाला. मी अंगणात उभा. वरच्या गॅलरीतून त्याची बडबड सुरू झाली. जहाज कुठे आहे, बैलाला जहाजात जागा आहे का, असे काहीबाही. मग आवाज थांबला. मला वाटले, वहिनींनी जेवायला बोलावले असेल.

थोड्या वेळाने वरून टिर्रटिर्र झाले. आणि जाड, थोडा बसलेला आवाज आला, “अंगण, अंगण, गच्ची बोलतेय.”

मी मान वर केली नाही. वर पाहिले असते तर घराचे, बिल्डरचे, चार वर्षांचे सगळे आठवले असते. मी हातातल्या बेगडीकडे पाहिले आणि तिच्यातच बोललो, “ऐकू येतंय.”

“चहा टाकलाय,” गच्ची म्हणाली. “गाळणी आहे. ये वर.”

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यावर आम्ही भांडतो, पण समोरासमोर बसून भांडतो, आणि बिले जिन्यावर ठेवीत नाही. मी काही एकशे ऐंशी रुपयांच्या डबीला जादू चिकटवीत नाही. तिच्यातून शब्द जात नव्हता हे आम्हा दोघांना पुरते ठाऊक होते. पण जे तोंडावर म्हणता येत नाही ते खेळण्यात म्हणता येते. कारण खेळण्यात हार कोणाचीच होत नाही.

तेव्हा मंडळी, नक्कल घ्यायची तर खुशाल स्वस्तातली घ्या. ती किती हुबेहूब आहे याची फार चौकशी करू नका. अस्सल तरी कुठे बोलत होते? फक्त एवढे करा. पैसे थोडे वाचलेच असतील, तर दुसरीही घ्या, आणि ती कोणाच्या हातात द्यायची याचा दुकानातून घरी येईपर्यंत विचार करा.